एकेचाळीस नंबरची पाठ

मंगळवार, १९ नोव्हेंबर १९७४

आज एकदाचं सुरू झालं. कंबरदुखीला उपाय काय, असं दहा डॉक्टरांना विचारा. पाच म्हणतील अंथरुणात पडून राहा, पाच म्हणतील व्यायाम करा, आणि पुरावा मागितला की दहाही जण पान खायला उठतील. आमचे विभागप्रमुख मधुकरराव, ज्यांना सगळा दवाखाना नुसतं 'सर' म्हणतो, त्यांना पुरावा हवा आहे. मला त्यांच्या नावाखाली माझं नाव छापून हवं आहे. जमलं दोघांचं.

रोगी म्हणून गांधीबागेच्या कापडबाजारातले हमाल घेतले आहेत. कापडाच्या गाठी पाठीवर घेऊन दिवसभर जिने चढायचे, त्यामुळे दुखऱ्या कमरांचा तुटवडा नाही. निम्म्यांना सर व्यायाम शिकवतील, निम्मे घरी पडून राहतील. कोणाला काय दिलं हे मला कळू द्यायचं नाही, कारण तपासणारा मी. एकदा कळलं की मनात असतं तेच डोळ्यांना दिसायला लागतं. म्हणून रोग्याचं नाव विचारायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानेही बोलायचं नाही. चेहऱ्यावरून काही ओळखू येऊ नये म्हणून सरांनी टॉवेलची युक्ती काढली. कौसल्या सिस्टर चेहऱ्याकडे न पाहता दंडावरच्या हमालीच्या पितळी बिल्ल्याचा नंबर मोठ्याने वाचतात, माणसाला टेबलावर झोपवून त्याच्या तोंडावर टॉवेल टाकतात, मग मी पडद्याआड जाऊन त्याला तपासतो. आज पहिल्यांदा ते पाहिलं, टेबलावर प्रेत ठेवल्यासारखं. घरी नीलाला सांगायला गेलो तर ती म्हणाली, जेवताना असलं बोलू नका.

सकाळी सरांनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून बजावलं, की एक मंगळवार आड यायचं आणि एकही नंबर गैरहजर राहता कामा नये. एक जरी गळाला तरी सगळ्यांची मेहनत फुकट. हमालांच्या टोळीचा मुकादम चंपतराव उठून म्हणाला, "बिल्ला खाली राहनार नाही साहेब. टोळीची जबान आहे." खाली म्हणजे रिकामा. मला ते फार आवडलं. आमच्या विद्यार्थ्यांकडून एवढी हजेरी कधी मिळाली नाही.

आजची सगळ्यात वाईट कंबर एकेचाळीस नंबरची. डावा पाय अर्ध्यावर अडतो. टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारली तर पाऊल हलत नाही. पालथा केला तेव्हा माकडहाडाच्या वर तीन डाग दिसले, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले. खेड्यात कंबर धरली की तापलेल्या विळ्याने डागतात, त्याचे. जुने आहेत, चांगले खोल आहेत. म्हणजे आमच्याआधी एका वैदूने प्रयोग करून पाहिला होता.

मंगळवार, ३ डिसेंबर

सगळे आले. एकेचाळीस नंबर लंगडत आला म्हणे, आणि पाय मागच्यापेक्षाही खाली अडला. तो कोणत्या गटात असेल तो असो, मला त्याची कीव आली. कीव येणं हेही नियमाविरुद्धच आहे.

तपासून झाल्यावर टॉवेलखालून आवाज आला, "साहेब, लघवीले..." सिस्टरांनी लगेच त्याला गप्प केलं. मी हातानेच खूण केली, जाऊ द्या याला. त्यांनी व्हरांड्याच्या टोकाची मुतारी दाखवली. तो तिथे बराच वेळ उभा होता म्हणे. परत आला, पडद्याकडे पाहत थोडा थांबला आणि गेला. सिस्टर म्हणाल्या, या लोकांना शिस्त लावता लावता आपली कंबर धरायची.

मंगळवार, १७ डिसेंबर

आज टाळी वाजवावीशी वाटली. एकेचाळीस नंबर ताठ चालत आला म्हणे. डावा पाय उचलला तो सरळ वर गेला, मेल्याने हूं की चूं केलं नाही. हातोडी मारली तर पाऊल असं उडालं की मीच दचकलो. इतकी वर्षं हातोडी मारतोय, पण गेलेली प्रतिक्रिया अशी पंधरा दिवसांत परत आलेली पाहिली नाही. सरांना सांगितलं. ते नुसते हसले. म्हणजे तो व्यायामाच्या गटात असावा, कारण सरांचा जीव व्यायामावर आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. पालथा केला तेव्हा डाग दिसले नाहीत. ढगाळ दिवस होता, आणि त्या खोलीत उजेड नसतोच.

गुरुवार, १९ डिसेंबर

उजेड नव्हता म्हणून डाग दिसत नाही असं होत नाही. डागाची कातडी चकाकते, अंधारातही बोटाला लागते.

चर्मरोग विभागातल्या मित्राला सहज विचारलं, की जुना डाग महिन्याभरात बुजतो का. तो म्हणाला, "डाग कुठचा जातो वसंत. माणूस जातो एखादे वेळी." आणि खो खो हसला. मीही हसलो. मग मला वाटायला लागलं की मी दुसऱ्याच कोणाच्या पाठीवर ते डाग पाहिले आणि डोक्यात एकेचाळीस नंबर धरून बसलो. दिवसभरात इतक्या पाठी येतात.

रात्रीच्या जेवणात नीलाने फुलका वाढला, त्यावर तीन काळे ठिपके होते. मी तो बाजूला सारला. ती म्हणाली, करपलेला नाही, खाऊन तर बघा.

मंगळवार, ३१ डिसेंबर

आज मुद्दाम टेबल खिडकीजवळ ओढून घेतलं. एकेचाळीस नंबर पालथा झोपला. मी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, माकडहाडापासून वर, मग पुन्हा खाली. कातडी गुळगुळीत. लहान मुलाच्या पाठीसारखी साफ. भूतबीत मी मानत नाही, आई गेली तेव्हाही कधी मानलं नाही, पण आज त्या पाठीवर हात ठेवून उभा असताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जी पाठ मला पक्की आठवते ती इथे नाही, आणि जी इथे आहे तिला माझी भीती वाटते आहे, असं काहीतरी. कारण माझ्या अंगठ्याखाली तो माणूस आखडून गेला होता.

टॉवेल उचलायला हात पुढे केला होता. मग सर आठवले. एकदा चेहरा पाहिला की या नंबरचं सगळं बाद धरावं लागेल, आणि हा तर आमचा हुकमी एक्का. फेब्रुवारीत मुंबईला परिषद आहे, निबंध मी वाचायचा असं सरांनी आजच सांगितलं. हात मागे घेतला. 'प्रकृती उत्तम' असं लिहिलं.

मंगळवार, ७ जानेवारी १९७५

आज तपासणीचा मंगळवार नाही. तरीही दुपारी त्या खोलीपाशी जाऊन आलो. टेबल रिकामं होतं, टॉवेल घडी करून ठेवलेला होता.

नीलाने पाठीला बाम चोळून मागितला. माझी बोटं तिच्या कमरेवर तीन डाग शोधायला लागली. ती म्हणाली, तिथे नाही दुखत, वर. तुमचं लक्ष कुठे असतं? मी म्हटलं, परिषदेचं टेन्शन आहे. हे खोटं नाही, पण खरंही नाही. खरं म्हणजे मला वाटतं आहे की आपलं डोकं फिरायला लागलं आहे, आणि हे कोणाला सांगितलं तर निबंध दुसरा वाचील.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांतीचा दिवस. गच्च्यांवरून पोरं ओरडत होती, दवाखान्याच्या झाडांना पतंग लटकले होते, आणि तरीही हमाल झाडून सगळे हजर. सर खूष. सिस्टरांनी तिळाच्या वड्या आणल्या होत्या. बोलायला बंदी, म्हणून प्रत्येकाच्या हातावर मुकाट्याने एकेक ठेवली.

तोंडावर टॉवेल, आणि एकेचाळीस नंबरचं पोट सारखं हलत होतं. मला वाटलं सणाचा दिवस, हसतोय. हातातली वडी त्याने तशीच मुठीत धरली होती, तिचा चुरा झाला. पाय उत्तम, प्रतिक्रिया उत्तम. पाठ मी पाहिलीच नाही. पालथा करायची वेळ आली तेव्हा सिस्टरांना म्हटलं, राहू द्या, पुढचा नंबर बोलवा.

शनिवार, १८ जानेवारी

हे कसं लिहावं ते कळत नाही. क्रमाने लिहितो.

संध्याकाळी नीलाला हळदीकुंकवासाठी साडी घ्यायची म्हणून गांधीबागेत गेलो. ती दुकानात लुगड्यांचे ढीग उपसत होती, मी पायरीवर उभा होतो. समोरून एक हमाल गाठ घेऊन आला. उघडी पाठ, दंडावर बिल्ला. एकेचाळीस. मला इतका आनंद झाला की नियम विसरून मी हाक मारली, "ओ एकेचाळीस!" तो थांबला, वळला आणि नंबराने हाक मारणारा साहेब पाहून त्याचा चेहरा उतरला. पंचविशीचा पोरगा. पाठीवर एक डाग नाही. मी विचारलं, काय गा, मी दवाखान्यातला डॉक्टर, ओळखलं का? तो म्हणाला, "आवाज नाही ओळखला साहेब. हात ओळखले असते."

मी म्हटलं, तुझ्या कमरेवर डाग होते.   त्याने गाठ हळूच जमिनीवर उतरवली.

"ते माह्या भाटव्याले आहेत साहेब. शालिकरामले. मी त्याचा साळा, धोंडबा. त्याच्या बदली येऊन राहिलो मी."

शालिकराम. दोन महिने जो नंबर मी रोज डोक्यात घेऊन फिरलो त्याचं नाव मला आज कळलं.

मग बदलीचं काय ते त्याने सांगितलं. टोळीत माणूस आजारी पडतो, बिल्ला आजारी पडत नाही. बिल्ला कामावर आला नाही तर मुकादम ती जागा दुसऱ्याला देतो, म्हणून घरातला कोणीतरी बिल्ला बांधून उभा राहतो. बाजारात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात चोरी नाही. शालिकराम डिसेंबरात पडला तसा धोंडबा गावाहून आला, गाठी उचलायला लागला, आणि मंगळवार आला तेव्हा चंपतरावने त्याला दवाखान्यातही पाठवलं. साहेबाला जबान दिली होती, बिल्ला खाली राहणार नाही.

मी म्हटलं, तू सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "बोलाचं नाही म्हनत होत्या ना बाई."

नीलाला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि त्याच्याबरोबर गेलो. बाजारामागच्या एका खोलीत शालिकराम खाटेवर पडला होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, डोळे मोठे. त्याच्या बायकोने, गोपिकाने, मला पाट दिला. मी बसलो नाही. पांघरूण काढलं. पायांवर टाचणी टोचली, त्याला कळलं नाही. मांडीच्या आत टोचली, कळलं नाही. ओटीपोट दगडासारखं ताणलेलं, खाली कापडं ओली. पायाचा अंगठा हलव म्हटलं. तो अंगठ्याकडे पाहत राहिला. अंगठा हलला नाही. कुशीवर वळवलं. तीन डाग जागच्या जागी होते.

मणक्यातली गादी सरकून आतल्या सगळ्या नसा दाबल्या गेल्या की आधी लघवी अडते. तो इशारा असतो. त्यानंतर धावपळ करायची असते, एक दिवसही फार होतो. हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या मंगळवारी टॉवेलखालून तो मला हेच सांगत होता, आणि मी त्याला मुतारी दाखवली.

गोपिकाला विचारलं, मग दवाखान्यात का नाही आणलं? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "दवाखान्यातच तं चालू आहे साहेब. धोंडबा जाऊन राहिला ना."

रविवार, १९ जानेवारी

रात्रीच त्याला भरती केलं. सकाळी सरांनी स्वतः उघडलं, मी मदतीला होतो. बोराएवढा तुकडा नसांवर बसला होता. सरांनी तो चिमट्याने काढून बशीत टाकला आणि म्हणाले, महिनाभर आधी आला असता तर.  मी म्हटलं, आला होता सर. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही, ते टाके घालत होते.

मंगळवार, २८ जानेवारी

शालिकरामच्या पायांत काही नाही.

सर म्हणतात, एकेचाळीस नंबर खोडून टाका, 'मधूनच सोडून गेला' असं लिहा. मी म्हटलं, तो सोडून गेला नाही, त्याचा नंबर एकदाही चुकला नाही, तेच तर आहे. मग बाकीच्यांचं काय, असं विचारलं. सर म्हणाले, वसंतराव, नसत्या शंका काढल्या तर या देशात कुठलंच संशोधन व्हायचं नाही.

चंपतरावकडे गेलो. त्याला खोटं बोलायचं कारणच नव्हतं. बोटांवर मोजून त्याने सांगितलं की कोणत्या मंगळवारी कोणाचा भाऊ आला, कोणाचा पोरगा. ज्यांना जास्त दुखायचं ते घरी राहायचे आणि धडधाकट माणसं टेबलावर येऊन झोपायची. म्हणून सगळ्यांची कंबर बरी होत होती. शेवटी त्याने मलाच विचारलं, "काहून साहेब, काही चुकलं का आमचं?" मी म्हटलं, तुमचं नाही.

सरांना चिठ्ठी लिहून माझं नाव काढून घ्यायला सांगितलं. ते दुसऱ्या कोणाला मुंबईला पाठवतील. पाठवोत. पण तो नंबर मी खोडला नाही, आणि आपला हुकमी एक्का ते स्वतः होऊन खोडणार नाहीत. माझ्या हातचं 'प्रकृती उत्तम' त्यांच्याकडे आहे, आणि तो बरा झालेला शालिकराम मुंबईला जाईल, लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतील, आणि तो चालतच राहील. खरा इथे पडला आहे. वॉर्डातून जाताना मला कधी कधी वाटतं की दोघांपैकी मी ओळखतो तो कागदावरचाच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज गोपिका माझ्या खोलीत आली. दाराशीच उभी राहिली. मी बसा म्हटलं, ती बसली नाही. तिने बराच विचार करून आणलं होतं. म्हणाली, धोंडबा सांगत होता, साहेबानं कागदावर शालिकराम बरा झाला असं लिहिलं.

मी हो म्हटलं.

"मंग जे औषध देऊन तो बरा झाला, तेच याईले द्या ना साहेब. माहागाचं असन तं आमी पाहू."

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. ती खरोखर मागत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, आणि सांगितलं की तसं औषध नव्हतं, धोंडबाला मुळात काही झालंच नव्हतं, आणि शालिकरामचे पाय आता येणार नाहीत. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, की हे त्याईले मी सांगू का तुमी सांगता?

मी सांगायला गेलो. स्टूल ओढून त्याच्या समोर बसलो, पायांशी नाही, तोंडासमोर. त्याच्या वरच्या ओठावर एक लहानसा व्रण आहे, डोळ्यांत पिवळसरपणा आहे, एक दात अर्धा तुटलेला आहे. मी सगळं सांगितलं. त्या मंगळवारी तू बोलत होतास ते मी ऐकायला पाहिजे होतं, हेही सांगितलं. तो छताकडे पाहत होता. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तो म्हणाला, "मंग धोंडबाले सांगा साहेब. आता शालिकराम म्हनून नको जाऊ म्हना. मुकादमाले तुह्यं नाव सांग म्हना, अन् तुह्याच नावानं उभा राह्य."

मी विचारलं, तूच सांगतोस का त्याला? तो म्हणाला, नाही, तो माह्याकडे पाहत नाही.

धोंडबा खाली पायरीवर बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि निरोप सांगितला. त्याने दंडावरचा बिल्ला सोडला, हातात धरला आणि विचारलं, शालिकराम मग कोणत्या नावानं राहील? मी उठून जिना चढलो. वर वॉर्डात जेवणाची गाडी फिरत होती, आणि गोपिका शालिकरामला भात कालवून देत होती.